खुंटीवरचा दोर

१

कातळपाड्याच्या विहिरीचं पाणी चोरीला गेलं, तेव्हा मी तिथल्याच एका ओटीवर बसून चहा पीत होते.

विहीर जागच्या जागी होती. चोरीला गेल्या त्या मी भरलेल्या बाटल्या. गाडीच्या मागच्या सीटवर बर्फाचा डबा होता, डब्यात बर्फ होता, बाकीच्या विहिरींच्या बाटल्याही जशाच्या तशा होत्या. तांबड्या विहिरीच्या तेवढ्या गायब. भिवंडीत मोबाइल चोरीला जातात, सुताची पोती जातात, कधी अख्खा ट्रक जातो. पाणी चोरणारा चोर मात्र मला पहिल्यांदाच भेटला.

मी उन्नती. कोन गावची. कल्याणच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासते. लोक मला पाण्याची पोलीस म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारत नाही. कातळपाड्याचं काम सरळ होतं. वज्रेश्वरीच्या रस्त्याला, गावाच्या खालच्या अंगाला, प्रितेश नावाच्या व्यापाऱ्याचा कोळशाचा डेपो आहे. भिवंडीतल्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या आणि रंगाईच्या बॉयलरना तिथून कोळसा जातो. त्या डेपोमुळे आसपासच्या विहिरींचं पाणी बिघडलंय का, एवढंच मला सांगायचं होतं.

डेपोशेजारच्या विहिरींवर काळी धूळ तरंगत होती, पण पाणी गाळून घेतलं की बरं निघत होतं. खरी बिघडली होती ती गावाच्या वरच्या अंगाची विहीर. पाणी गढूळ नव्हतं, तांबडं होतं. आतल्या दगडांवर नारिंगी साय धरली होती आणि जवळ गेलं की जिभेवर लोखंडाची चव येत होती. एकही पाकोळी तिच्यावरून उडत नव्हती. भर दुपारी त्या विहिरीवर जाऊ नको, असं मला वाटेत तिघींनी बजावलं होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी काठावर उभी राहिले तेव्हा मागे कोणीतरी कळशी टेकवून उभं आहे, असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं.

नमुना काढायला माझी दोरी पुरेना, पाणी फार खोल गेलं होतं. विहिरीवर दोर नव्हताच. आमच्या भागात विहीर सगळ्यांची असते आणि दोर ज्याच्या त्याच्या घरचा. बाई डोक्यावर कळशी, खांद्यावर दोर घेऊन येते, पाणी ओढते आणि दोर घरी नेऊन पुन्हा खुंटीला लावते. मी जवळच्या घरी जाऊन दोर मागितला. विशीतली एक मुलगी तो घेऊन माझ्याबरोबर आली. तिचं नाव दिशा. मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला होती, त्या दिवशी तिची ड्युटी दुसऱ्या शिफ्टला होती.

मी बाटल्या भरत होते आणि ती काठापासून चार हात लांब उभी होती.

"मॅडम, एक विचारू? पाण्यातून कळतं का, माणूस पाय घसरून पडलं का त्यानं उडी मारली?"

मी हातातली बाटली तशीच धरून तिच्याकडे पाहिलं.

"माझी आई हिच्यात गेली. तुळजा. दोन वर्षं झाली. पोलीस बोलले, पाणी काढताना घसरली. गाव बोलतं, जीव दिला. ती गेली आणि आषाढ लागेपर्यंत पाणी असं झालं. तिचंच रक्त हाय बोलतात. सोमवारी भाऊकाकांचा डंपर येणार, विहीर बुजवणार." ती थांबली. "मला विहिरीचं काय न्हाय. मला एवढंच पाहिजे, ती मला टाकून गेली का."

मी तिला सांगितलं की पाण्यातून असलं काही कळत नाही. ते खोटं होतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

आम्ही घरी परतलो तर दारात तिची आजी, बायजाबाई, उभी. दिशाच्या खांद्यावरचा दोर पाहिला आणि म्हातारीचा चेहराच उतरला.

"ह्यो दोर कोनी काढला खुंटीवरना?"

तिने तो हिसकावून घेतला आणि छातीशी धरून आत नेला. मग आतूनच ओरडून मला चहाला बसवलं. चहा झाला, मी गाडीपाशी गेले आणि डबा उघडून पाहिला तर बाटल्या नव्हत्या.

खिशात एकच गोष्ट राहिली होती, विहिरीवर पाण्यात बुडवलेली चाचणीची कागदी पट्टी. ती लिंबाच्या रसात बुडवावी तशी लालभडक झाली होती. तांबडा रंग, नारिंगी साय, असलं आंबट पाणी. हे पाणी मी पाहिलेलं होतं. विदर्भात कोळशाच्या खाणींच्या खाली वाहणारे ओढे तपासायला मी वर्षभर हिंडले होते, तिथे हेच पाणी असतं. ते खाणीचं पाणी होतं.

आणि भिवंडीत कोळशाची खाण नाही.

२

प्रितेश डेपोच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसला होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर काळी झाली होती. मी विहिरीचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"मॅडम, चला बाहेर. हे बघा. डेपो खाली, विहीर वर. पाणी कधी वर चढतं का? आप पढ़े-लिखे हो, तुम्हीच सांगा."

त्याचं बरोबर होतं आणि मला तो बरोबर असल्याचा राग येत होता. डेपोचं पाणी त्या विहिरीत जाणं शक्य नव्हतं. मी नुसतीच ढिगांमधून हिंडले. एका कोपऱ्यात वेगळा ढीग होता, राखाडी, जड दगडांचा.

"हे काय?"

"कोळशात दगड येतो ना, खाणीतूनच. जळत नाही, बॉयलरवाले घेत नाहीत. चाळून बाजूला काढतो."

"मग याचं करता काय?"

"लोक घेऊन जातात, भरावाला. फुकट. मेरा कचरा साफ, त्यांची जमीन वर."

"कोण लोक?"

"सगळेच," तो म्हणाला आणि फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

मी एक दगड उचलून फोडला. आत बारीक सोनेरी चमक होती. कोळशाच्या खाणीत पाणी नासवते ती हीच चमक. ती गंधकाची आणि लोखंडाची असते. जमिनीच्या पोटात असते तोवर गप्प पडून राहते. हवा लागली, पाणी लागलं की तिचं तेजाब होतं आणि लोखंड तांबडं होऊन पाण्यात उतरतं. दगडाचा तुकडा मी ओढणीच्या टोकाला बांधला.

भाऊ भेटले ते त्यांच्या गोडाऊनवर. भाऊ म्हणजे कातळपाड्यातलं मोठं घर. पूर्वी भात लावणारे, आता जमिनी भाड्याने देणारे. विहिरीच्या वर, वरच्या रस्त्याला लागून त्यांनी शेतात भराव घालून गोडाऊन बांधलं होतं. चांगलं टोलेजंग, पत्र्याचं, आणि रिकामं. भिवंडीत रिकामं गोडाऊन म्हणजे लग्नाच्या मांडवात रिकामी पंगत. कारण दारातूनच दिसलं. आतली काँक्रीटची फरशी मधोमध फुगून वर आली होती आणि तिला भेगा गेल्या होत्या.

भाऊंनी खुर्ची बाहेर उन्हात टाकली होती. आत सावली असताना हा माणूस उन्हात का बसतो, हे मला कळेना.

"कोनची गं तू? कुनाची?" त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. "हां, म्हंजे आपलीच. मंग ऐक, पोरी. त्या डेपोवाल्याच्या मागं लाग, पन हिरीचा नाद सोर. तिच्यान बाई मेलीय."

"तुम्हीच पाहिलं ना पहिल्यांदा?"

"मीच. चैत्राची जत्रा व्हती वज्रेश्वरीला. गावातली झारून सगली मानसा गेलती, माझाच डंपर दिलता मी. माज्या पायाला लागला व्हता, मी ऱ्हायलो. दुपारचा हिरीवर गेलो पाय धुवाला. बघतो त काठावर कलशी, काठोकाठ भरलेली. आजुबाजूला कोन न्हाय. वाकून बघला." ते थांबले. "पानी येवरा नितल व्हता का तिच्या हातातल्या बांगड्या दिसत व्हत्या तलाला."

"कळशी भरलेली होती?"

"सांगतो त काय? पोलिसांनी पन बघली. पानी काढला, कलशी ठेवली, नि पाय सरला."

"मग विहीर उपसली?"

"उपसाला नको? मानूस मेला हिरीत. मी सोता पंप लावले. तलाचा गाल काढला, चुना टाकला. तरी बिघरलीच ती. तिचा जीव हाय त्याच्यान."

तेवढ्यात आत गोडाऊनमध्ये कट्कन आवाज झाला. मग आणखी एक, लांबट, दात चावल्यासारखा. भर दुपार, वारा नाही, माणूस नाही. माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. पण मी भाऊंकडे पाहिलं आणि स्वतःची भीती विसरले. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"वर येतेय," ते पुटपुटले. मग माझ्याकडे लक्ष जाऊन त्यांनी आवाज चढवला. "सोमवारी हिर बुजवतो. मंग सगला गप व्हईल."

उतरताना मी मुद्दाम पायवाटेने चालत आले. वर गोडाऊन. त्याच्याखाली नवी सिमेंटची भिंत. भिंतीखाली विहीर. भुताला गावभर हिंडायला मोकळीक असताना हे भूत गोडाऊनमध्ये आवाज करत होतं आणि विहिरीत रंग सोडत होतं, मधली एकही जागा न सोडता. हे भूत बरोबर उताराने चाललं होतं.

३

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पुन्हा कातळपाड्यात गेले, कारण पाणी चोरणारा कोण ते मला चहाच्या दुसऱ्या घोटालाच समजायला हवं होतं. मी ओटीवर बसले तेव्हा दिशा माझ्यासमोर होती. चहा पुढे करून बायजाबाई मागच्या दाराने गेली होती आणि बराच वेळ परतली नव्हती.

घरात दिशाचे वडील जीवन होते. मोठ्या अंगाचा, खाली बघून बोलणारा माणूस. आता मानकोलीला माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत होता. मी त्यालाच आधी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही काय करत होता?"

"भाऊंचा डंपर चालवायचो."

"कुठला माल?"

"डेपोचा दगुड. वर भरावाला. मग वरना तांबडा मुरूम पसरायचो, म्हंजे काला दिसत न्हाय." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुळजा गेली नि मी गाडी सोडली. त्या दिवशी जत्रेची मानसा घेऊन मीच गेलतो. ती बोलली, म्हैस गाभन हाय, मी न्हाय येत. मी जबरदस्तीनं नेली असती तर..."

लोक याच माणसावरही संशय घेत होते, हे मला गावात समजलं होतं. बायको गेली आणि हा चांगली नोकरी सोडून बसला, म्हणजे याचंच काहीतरी असणार. माणूस दुःखाने काम सोडू शकतो, हे लोकांना भुतापेक्षा अवघड वाटतं.

बायजाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आजी, माझं पाणी कुठंय?"

तिने कोनाड्यातल्या मडक्याकडे बोट केलं. माझ्या बाटल्या त्यात उभ्या करून ठेवल्या होत्या, वर फडकं झाकून.

"का घेतल्या?"

"तू मशिनीन घालनार ना ह्या पानी? त्याच्यातना कलला असता ना तुना, ती कशी मेली ते?" तिचा आवाज फुटला. "पोरीला न्हाय कलाचा. मी मरेपर्यंत न्हाय कलाचा."

दिशा दारात येऊन उभी होती. मी तिला खुणेने थांबवलं. म्हातारी मागे न बघता बोलत राहिली, जणू दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं थुंकून टाकत होती.

"सकालची भांडलो आम्ही. ती बोलली, झऱ्याचा पानी बिघरलाय, म्हैस तोंड लावत न्हाय. मी बोल्ली, कामाचा कंटाला आलाय तुना, झऱ्याचे पान्यावर आमच्या पिढ्या गेल्या. ती बोलली, आनून दाखवते. मी बोल्ली..." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी बोल्ली, जा, हिरीत पर. येवराच बोल्ली. दुपारचा ती हिरीतच गावली."

"रागात सगळेच बोलतात, आजी."

"दोर घरान व्हता, बाय! खुंटीवर! दोर न घेता बाई हिरीवर कनाला जाते? पानी काढाला न्हाय गेली ती. जीव द्यायला गेली, माजे तोंडाचे शब्दानं. पोलीस आले तवा मी दोरावर गोधरी टाकली. म्हंजे सगल्यांना वाटंल का घसरली."

दिशा भिंतीला टेकून खाली बसली. मला उठून त्या दोघींना जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भाऊंचं वाक्य घुमत होतं आणि मी दुसरंच विचारलं.

"आजी, विहिरीवर सापडलेली कळशी कुठंय?"

"माल्यावर. पोलिसांनी दिली तशीच आनून ठेवली, पान्यानं भरलेली. मेलेल्या मानसाची कलशी कोन रिकामी करील? फडका बांधला नि ठेवली."

"आणि तिला आंघोळ घातली तेव्हा अंगावर काही दिसलं?"

"मीच घातली. केसांन काली कच व्हती, मूठभर. चुलीची राख असंल, बोल्ली मी."

जीवनने माळ्यावरून कळशी उतरवली. स्टीलची, साधी. फडकं सोडलं. पाणी दोन उन्हाळ्यांत केव्हाच उडून गेलं होतं. मी बॅटरी लावून आत पाहिलं आणि कळशी पुन्हा फडक्यात बांधून बरोबर घेतली.

४

सोमवारी सकाळी डंपर विहिरीपाशी लागला. सगळा पाडा जमला होता. आदल्या रात्रभर मी प्रयोगशाळेत काय पाहिलं ते सांगून कोणाला झोप आणायची माझी इच्छा नव्हती, म्हणून मी दोनच वस्तू बरोबर आणल्या होत्या. मी त्या काठावर ठेवल्या. दोर आणि कळशी.

भाऊ डंपरच्या दारापाशी उभे होते. प्रितेशही आला होता, सुटल्याच्या आनंदात.

"काका, तुम्ही कधी विहिरीचं पाणी ओढलंय?" मी विचारलं.

बायका हसल्या. भाऊंच्या पिढीतल्या पुरुषाला हे विचारणं म्हणजे त्याला चोळी शिवता येते का असं विचारणं.

"म्हणूनच चुकलात. या गावातल्या पुरुषांनी कळशी पाहिली, काठोकाठ भरलेली. ते म्हणाले, बाई पाणी काढायला आली आणि घसरली. दोर कुठंय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण दोर रोज कुठून येतो आणि कुठं जातो हे त्यांना ठाऊकच नाही. बायजाबाईंनी दोर पाहिला, घरात, खुंटीवर. त्या म्हणाल्या, सून जीव द्यायला गेली. भरलेल्या कळशीचा विचार त्यांनी केला नाही, कारण त्या दिवशी त्यांना काहीच सुचत नव्हतं. अर्धी गोष्ट पुरुषांकडे, अर्धी बाईकडे. दोन वर्षं कोणी त्या शेजारी ठेवल्या नाहीत."

मी दोर उचलून कळशीवर ठेवला.

"दोर घरी आहे तर ही कळशी इतक्या खोल विहिरीतून भरली कशी?"

गुणाबाई म्हणून एक म्हातारी पुढे होती, तिने दोर पाहिला, कळशी पाहिली आणि "अगं बाय" म्हणून खालीच बसली.

"ती इथे भरलेलीच नाही. आत बघा. तळापासून गळ्यापर्यंत नारिंगी थर आहे. मी तो खरवडून तपासला. लोखंड आणि तेजाब, आज विहिरीत आहे तेच. पण भाऊकाका, तुम्ही स्वतः मला सांगितलंत की त्या दिवशी विहीर नितळ होती, तळाच्या बांगड्या दिसत होत्या. म्हणजे चांगल्या विहिरीच्या काठावर या बिघडलेल्या पाण्याची कळशी होती. ताजं असताना ते नितळच दिसतं, साचून राहिलं की तांबडं होतं, म्हणून तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पाणी दुसरीकडचं. जिथं दोर लागत नाही, वाटीने भरता येतं तिथलं. झऱ्याचं."

सगळ्यांच्या माना वरच्या सिमेंटच्या भिंतीकडे वळल्या. तिच्यामागे कुठेतरी जुना झरा होता.

"भराव आदल्या वर्षी पडला, खाणीतून आलेल्या दगडाचा. एक पावसाळा त्याने खाल्ला आणि झऱ्याला तेजाब सुटलं. तुळजाताईच्या ते लक्षात आलं, म्हशीमुळे. तिच्या केसांत सापडलेली काळी कच चुलीची नव्हती, या भरावाची होती. ती गेली झऱ्यावर आणि सापडली विहिरीत. पाठोपाठ झऱ्यावर भिंत आली, विहीर पंप लावून तळापर्यंत उपसली गेली. वाट बंद झालेलं पाणी रिकाम्या विहिरीकडे ओढलं गेलं. विहीर तिच्या रक्ताने तांबडी झाली नाही. तिला धुऊन काढणाऱ्या हातांनी झाली."

"खोटा हाय," भाऊ म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते गोडाऊनकडे बघत होते.

"तुमची फरशी का फुगते, तेही सांगते. तोच दगड. ओला झाला की आतून फुलतो, काँक्रीट उचलतो, तडकवतो. आत कोणी नाही, काका."

"तू काय सांगतीस मना?" ते एकदम ओरडले, आणि आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता, घाबरलेल्या पोराचा होता. "मी रोज ऐकतो! ती वर येतेय! आजून ढकलतेय खालना!"

जीवन डंपरला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने हात उचलला नाही. "भाऊ," तो एवढंच म्हणाला.

भाऊ डंपरच्या पायरीवर बसले.

"मी ढकलली न्हाय तिला. कलशी भरली नि बोलली, भाऊ, तुमचे भरावाचा पानी हाय ह्या, गावाला दाखवते. मी बोल्लो, ठेव खाली. काठावर कलशी ठेवली नि मना दाखवाला पुन्ना वाकली झऱ्यावर. भराव सरला वरना. गल्यापर्यंत गेली. हाका मारत व्हती." त्यांनी कानांवर हात ठेवले. "मी भराव बघत व्हतो. मुरूम निघून सगला काला उघरा परला व्हता. मानसा बोलवली त बघतील. येवराच इचार करत उभा ऱ्हायलो. जास्त न्हाय. थोराच वेल. मंग वरना आजून आला नि हाका बंद झाल्या."

भरावातून काढून तिला विहिरीत टाकलं ते त्यांनीच, आणि मग कळशीही काठावर आणून ठेवली होती, न सांडता. पाणी भरलेलं दिसलं की काम झाल्यासारखं दिसतं, एवढीच त्यांची समजूत.

५

पोलिसांना फोन जीवनने केला. भाऊंना नेलं तेव्हा ते गोडाऊनकडे पाठ करून जीपमध्ये बसले. प्रितेश मात्र तोवर गायब झाला होता. माझ्या अहवालात डेपोतला दगड कुठे कुठे गेला, हा प्रश्न मी सगळ्यात वर लिहिला, आणि तो अजून सुटलेला नाही. भिवंडीच्या किती गोडाऊनखाली तो आहे, कोण जाणे.

विहीर कोणी बुजवली नाही. ती आजही तांबडी आहे. भराव निघेपर्यंत ती तशीच राहणार आणि भराव निघायला वर्षं लागणार, हे मी गावाला स्पष्ट सांगितलं. दुपारी तिच्यावर जायला लोक अजून बिचकतात. मी त्यांना हसत नाही. जिथे एक बाई हाका मारत गेली आणि ऐकणारा उभा राहिला, तिथून खाली येणाऱ्या पाण्याला बिचकणं मला वेडेपणाचं वाटत नाही.

त्या सोमवारी सगळे पांगल्यावर बायजाबाई काठावर बसून राहिली होती. मांडीवर कळशी घेतली होती. दिशा तिच्या शेजारी.

"मॅडम," दिशाने मला विचारलं, "म्हणजे आई ते पाणी गावाला दाखवायला घेऊन निघाली होती?"

"गावाला नंतर," मी म्हटलं. "पहिलं घरी. आजीला म्हणाली होती ना, आणून दाखवते."

मी पाण्याचे नमुने घेते, लेबल लावते, बर्फात ठेवते, तरी माझे चोरीला गेले. तुळजाने माझ्या दोन वर्षं आधी एकच नमुना घेतला होता आणि पाणी उडालं तरी तो माळ्यावर टिकून होता. म्हातारीने आजवर त्याच्यात एकदाही पाहिलं नव्हतं. आत बघ असं मी तिला सांगितलं नाही, ती आपणच कळशीच्या तोंडावर वाकली. आतल्या नारिंगी थरावरून तिने बोट फिरवलं, ते उन्हात धरलं आणि जिभेला लावलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. आणि मग, शेजारीच उभ्या असलेल्या कोणाला तरी सांगावं तसं, हळूच, "व्हय गं बाय. बिघरलाय पानी. तुजा खरा व्हता."